सहारला उतरून सांताक्रूझला चढताना : मुंबईत टर्मिनल बदलण्याचा हिशेब

परदेशातून मुंबईमार्गे नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा गोव्याला जाणाऱ्या प्रवाशाच्या प्रवासपत्रकावर ‘मुंबई’ हे नाव दोनदा छापलेले असते आणि त्या दोन नावांच्या मधोमध ‘थांबा : ४ तास ५० मिनिटे’ अशी एक निरुपद्रवी ओळ असते. ती वाचताना खुर्चीत टेकून चहा पिण्याचे चित्र डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात त्या वेळात पासपोर्टची रांग, बॅगांचा पट्टा, कस्टम्स, वाहनाचा शोध, दुसऱ्या इमारतीचे प्रवेशद्वार, बॅगा देण्याची रांग आणि सुरक्षा तपासणी एवढे सगळे उरकायचे असते आणि त्यातल्या एकाही रांगेची लांबी आपल्या हाती नसते.

मुंबई विमानतळाची टर्मिनल १ आणि टर्मिनल २ ही दोन टोके रस्त्याने जेमतेम चार-पाच किलोमीटरवर आहेत, दोन्हींच्या धावपट्ट्याही त्याच आहेत. त्यामुळे हा बदल अंतराच्या मापाने मोजणारा माणूस हमखास फसतो. मोजायच्या त्या रांगा आणि त्याआधी पाहायचे ते हे, की मधल्या गोंधळाची जबाबदारी कोणाची आहे. पुढचा सगळा हिशेब या दोन गोष्टींभोवती फिरतो. मी तो प्रामुख्याने मुंबईसाठी मांडतो आहे, कारण महाराष्ट्रातल्या बहुतेक कुटुंबांना तिथेच टर्मिनल बदलावे लागते. इतर विमानतळांविषयी शेवटाकडे थोडक्यात लिहिले आहे.

आधी नावांचा घोळ समजून घ्यावा

मुंबईचा विमानतळ मुळात सांताक्रूझचा. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सहारला आंतरराष्ट्रीय वाहतुकीसाठी वेगळे टर्मिनल उभे राहिले आणि तेव्हापासून ‘सांताक्रूझ म्हणजे डोमेस्टिक, सहार म्हणजे इंटरनॅशनल’ हे समीकरण मुंबईकरांच्या, विशेषतः टॅक्सी-रिक्षावाल्यांच्या जिभेवर पक्के बसले. २०१४ मध्ये सहारलाच आजचे नवे टर्मिनल २ सुरू झाले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत काही कंपन्यांची देशांतर्गत विमानेही तिथून सुटू लागली. म्हणजे समीकरण मोडले, पण जीभ वळली नाही.

याचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. आईला घेऊन पहाटेच्या विमानाने नागपूरला निघालो होतो. अंधेरीत रिक्षात बसताना सवयीने ‘डोमेस्टिकला घ्या’ म्हणालो आणि रिक्षावाल्याने त्याच्या भाषेत जे डोमेस्टिक होते तिथे, म्हणजे टर्मिनल १ च्या दारात, इमानदारीने आणून सोडले. दारावरच्या जवानाने मोबाइलवरचे तिकीट अंगठ्याने वर सरकवले, एका जागी थांबवले आणि फोन परत देत शांतपणे म्हणाला, ‘‘साहब, ये तो टी-टू का है.’’ आईच्या हातात डब्याची पिशवी, माझ्या दोन्ही हातांत बॅगा, आणि मघाची रिक्षा केव्हाच निघून गेलेली. ते विमान मिळाले, पण दार बंद व्हायला फार वेळ उरला नव्हता. तेव्हापासून मी ‘डोमेस्टिक’ आणि ‘इंटरनॅशनल’ हे शब्द वाहनात बसताना वापरत नाही. ‘टी-वन, विलेपार्ले-सांताक्रूझ’ किंवा ‘टी-टू, सहार’ असे आकडा आणि ठिकाण दोन्ही सांगतो. आपणही तसेच करावे.

पहिली पायरी : तिकीट एक आहे की दोन

तिकीट काढण्यापूर्वी, आणि काढून झाले असेल तर आज रात्रीच, ही गोष्ट तपासावी. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर असतील तर मधली जोडणी विमान कंपनीने स्वतः विकलेली असते. प्रत्येक विमानतळासाठी कंपन्या जोडणीची एक किमान वेळ ठरवतात आणि तिच्यापेक्षा कमी वेळाच्या फरकाने सुटणारी विमाने सहसा एका तिकिटावर जोडली जात नाहीत. पहिले विमान उशिरा आल्यामुळे दुसरे चुकले, तर पुढच्या विमानात बसवून देणे ही कंपनीची जबाबदारी ठरते.

याउलट परदेशातून मुंबईपर्यंतचे तिकीट एका ठिकाणी आणि मुंबई-नागपूर तिकीट स्वस्त दिसले म्हणून दुसऱ्या ठिकाणी काढले असेल, तर नागपूरच्या कंपनीच्या लेखी आपण अंधेरीत राहणारे साधे प्रवासी असतो. आपण लंडनहून येत आहोत, ते विमान दोन तास उशिरा आले, इमिग्रेशनला गर्दी होती, यांतल्या कशाशीही तिचा संबंध नसतो. काउंटर बंद झाला की प्रवासी आलाच नाही अशी नोंद होते.

यात एक फसवी मधली अवस्था आहे. काही तिकीट विक्री संकेतस्थळे दोन स्वतंत्र तिकिटे एकाच पानावर, एकाच रकमेत दाखवतात. पैसे एकदाच भरले म्हणून तिकीट एकच आहे असे आपण समजतो. ई-मेलवर आलेल्या पत्रकात दोन वेगळे पीएनआर असतील, किंवा कुठेतरी ‘सेल्फ ट्रान्सफर’ असे शब्द असतील, तर ती दोन तिकिटे आहेत आणि जोखीम आपली आहे. दोन तिकिटांत वाचणारे पैसे खरे असतात, हे मी नाकारत नाही, पण ते वेळेच्या रूपाने परत मोजावे लागतात. त्यामुळे दोन तिकिटे घेणाऱ्याने मधले अंतर ऐसपैस ठेवावे, किंवा मुंबईत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारचे विमान धरावे.

दुसरी पायरी : दोन्ही टर्मिनल शोधून लिहून ठेवावीत

परदेशातून येणारे विमान टर्मिनल २ वरच उतरते, त्यामुळे प्रश्न पुढच्या विमानाचा असतो. कंपनीच्या नावावरून टर्मिनल ओळखण्याची सवय सोडून द्यावी, कारण एकाच कंपनीची काही विमाने टी-१ वरून आणि काही टी-२ वरून सुटतात. इंडिगो हे त्याचे ठळक उदाहरण आहे. विमानाचा क्रमांक घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर त्या तारखेचे टर्मिनल पाहावे. तिकीट काढल्यानंतर वेळापत्रक बदलते आणि त्याबरोबर टर्मिनलही बदलू शकते, म्हणून प्रवासाच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहावे. कोडशेअर असेल, म्हणजे तिकीट एका कंपनीचे आणि विमान दुसरीचे असेल, तर विमान चालवणाऱ्या कंपनीचे टर्मिनल ग्राह्य धरावे.

याच वेळी शहराच्या नावापुढचे विमानतळाचे तीन अक्षरी चिन्हही पाहावे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागल्याने ही काळजी आता अनिवार्य झाली आहे. सहारच्या विमानतळाचे चिन्ह बीओएम आणि नवी मुंबईचे एनएमआय. या दोहोंमधले अंतर रस्त्याने साधारण ३५ ते ४० किलोमीटर आहे, म्हणजे हा टर्मिनलचा नव्हे तर शहराचा बदल समजावा. उतरणे एका विमानतळावर आणि चढणे दुसऱ्यावर अशी जोडणी स्वस्त दिसली तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गोव्यातही दाबोळी आणि मोपा अशी दोन विमानतळे आहेत. घरून घ्यायला येणाऱ्याला त्यांपैकी कोणते हे वेळेत सांगितले नाही, तर तो राज्याच्या दुसऱ्या टोकाला उभा राहतो.

तिसरी पायरी : घड्याळ मांडून हिशेब करावा

समजा, विमान रात्री १२.४० ला उतरणार आहे आणि नागपूरचे विमान टी-१ वरून पहाटे ५.३० ला सुटणार आहे. धावपट्टीवर चाके टेकल्यापासून दार उघडेपर्यंत २० मिनिटे धरली की १ वाजतो. लांबलचक मार्गिका चालून इमिग्रेशन उरकायला पाऊण तास धरला की पावणेदोन होतात. आखाती देशांतली, युरोपातली आणि पूर्वेकडची कित्येक विमाने मध्यरात्रीच्या आसपासच मुंबईत उतरतात, त्यामुळे ही रांग नेमकी याच वेळी फुगलेली असते. बॅगा येऊन कस्टम्समधून बाहेर पडायला ४० मिनिटे धरली की २.२५. वाहन मिळून टी-१ च्या दारात पोहोचायला पाऊण तास, म्हणजे ३.१०. देशांतर्गत उड्डाणांचे बॅगा घेणारे काउंटर साधारण ६० मिनिटे आधी बंद होतात, म्हणजे आपली खरी मुदत ५.३० नसून ४.३० आहे. हाती राहिला तो एक तास वीस मिनिटे.

सगळे सुरळीत झाले तर हा वेळ पुरतो. पण पहिले विमान एक तास उशिरा आले, आणि लांबच्या उड्डाणात एक तास म्हणजे काहीच नव्हे, तर उरतात वीस मिनिटे. त्यातच प्रवेशद्वाराची आणि काउंटरची रांग लावायची असते. म्हणून दोन वेगळी तिकिटे असतील आणि टर्मिनल बदलायचे असेल, तर उतरण्याची छापील वेळ आणि सुटण्याची छापील वेळ यांत मी किमान सहा तास ठेवतो. सोबत वृद्ध आईवडील किंवा लहान मूल असेल तर आठ. एकाच टर्मिनलवर जोडणी असेल तर त्यातला वाहनाचा पाऊण तास आणि बरीचशी धाकधूक वाचते, त्यामुळे टी-२ वरून सुटणारे देशांतर्गत विमान हजार-पंधराशे रुपयांनी महाग असले तरी मी तेच घेतो.

पावसाळ्यात आणि संध्याकाळच्या गर्दीत हिशेब सैल करावा. पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या बाजूने जाणारे हे चार-पाच किलोमीटर मध्यरात्री पंधरा मिनिटांत होतात आणि संध्याकाळी सहाला त्यांना पाऊण तासही लागू शकतो.

चौथी पायरी : बॅगा

सगळ्यांत जास्त गैरसमज बॅगांविषयी आहेत. परदेशातल्या काउंटरवरची व्यक्ती बॅगेला थेट नागपूरचा टॅग लावते आणि ‘आता नागपूरलाच मिळेल’ असे हसून सांगते. भारतात मात्र परदेशातून आलेली बॅग सर्वसाधारणपणे पहिल्या विमानतळावरच ताब्यात घेऊन कस्टम्समधून न्यावी लागते आणि मग पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यावी लागते. याला काही जोडण्यांत अपवाद असतात. त्यामुळे दोन ठिकाणी विचारावे : निघताना काउंटरवर, आणि मुंबईत उतरल्यावर पट्ट्याजवळच्या कर्मचाऱ्याला. संशय असेल तर पट्ट्यापाशी थांबून आपली बॅग फिरते आहे का ते पाहावे. तिथे दहा मिनिटे गेली तरी चालतील, पण नागपूरला पोहोचून बॅग मुंबईत राहिल्याचे कळले तर अख्खा आठवडा जातो. तिकीट एकच असेल, तर कस्टम्सनंतर टर्मिनल २ मध्येच पुढच्या विमानासाठी बॅगा घेणारा ट्रान्सफर काउंटर आपल्या कंपनीचा आहे का, हे बाहेरचे दार ओलांडण्यापूर्वी विचारावे. तिथे बॅगा दिल्या की पुढचा रस्ता हात हलवत जाता येतो.

दोन तिकिटांवर येणाऱ्याला दुसरा धक्का वजनाचा बसतो. अमेरिकेहून येणाऱ्या बऱ्याच तिकिटांवर २३ किलोच्या दोन बॅगा, म्हणजे ४६ किलो नेता येतात. देशांतर्गत साध्या तिकिटावर चेक-इनसाठी सहसा १५ किलो आणि हातातल्या बॅगेत ७ किलो मिळतात. ३१ किलोचा फरक काउंटरवर भरायचा झाला तर किलोमागे काही शे रुपये मोजावे लागतात आणि ती रक्कम कधीकधी मूळ तिकिटापेक्षा मोठी होते. जादा वजन घरूनच, संकेतस्थळावर आधी विकत घ्यावे, ते स्वस्त पडते. एकाच तिकिटावर प्रवास असेल तर आंतरराष्ट्रीय वजनाची मर्यादा पुढेही लागू राहते का, हे तिकिटावरच लिहिलेले असते. त्याची छापील प्रत जवळ ठेवावी.

विमानतळावरच्या ड्यूटी फ्री दुकानातून बाटली घेतली असेल, तर टी-१ वर बॅगा देण्यापूर्वी ती कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत ठेवावी. हातात धरून सुरक्षा तपासणीपर्यंत नेली तर वाद होण्याची शक्यता असते आणि तोपर्यंत मोठी बॅग पट्ट्यावरून आत गेलेली असते. पॉवर बँकेचे नेमके उलट आहे : ती हातातल्याच बॅगेत हवी. सामानाची उलथापालथ करताना या दोन वस्तूंची अदलाबदल हटकून होते.

पाचवी पायरी : टी-२ च्या बाहेर पडण्याआधी

टर्मिनलचे बाहेर जाणारे दार हे एकदिशा दार आहे. एकदा बाहेर पडलो की टी-२ वरच्या विमानाचे तिकीट नसेल तर जवान परत आत घेत नाही. म्हणून स्वच्छतागृह, पाणी, पैसे बदलणे, फोन चार्ज करणे, औषधाची गोळी घेणे ही सगळी कामे आतच उरकावीत.

फोनचा मुद्दा वरवर क्षुल्लक वाटतो, पण वर्षभर परदेशात राहून आलेल्यांची गाडी नेमकी तिथेच अडते. भारतीय सिम रिचार्जअभावी बंद पडलेले असते. विमानतळाचे मोफत वायफाय ओटीपी मागते, ओटीपी त्याच बंद सिमवर येतो, आणि वायफायशिवाय गाडी मागवता येत नाही. निघण्याच्या आठवडाभर आधी घरच्या कोणाकडून तरी रिचार्ज करून घ्यावे. पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास परदेशातूनच काढून त्याचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवावा आणि दोन-तीन हजार रुपये रोख जवळ असू द्यावेत.

वारंवार ये-जा करणाऱ्या भारतीय नागरिकांनी आणि ओसीआय कार्डधारकांनी (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांनी) इमिग्रेशनच्या जलद मार्गाची, म्हणजे फास्ट ट्रॅक इमिग्रेशन योजनेची, नोंदणी करून ठेवावी. ती २०२४ मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि जानेवारी २०२५ पासून मुंबईतही आहे. ऑनलाइन अर्जानंतर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद एकदा द्यावी लागते, पुढे स्वयंचलित दारातून जाता येते. रांगांच्या हिशेबात एवढी मोठी बचत दुसऱ्या कशानेही होत नाही.

मुलांकडे जाऊन परतणाऱ्या आईवडिलांसाठी व्हीलचेअर सांगितलेली असते आणि ती फार उपयोगी पडते, कारण इमिग्रेशनपासून बॅगांपर्यंत एक माणूस सोबत राहतो. मात्र पुढचे तिकीट वेगळे असेल तर ती सोबत बाहेरच्या दाराशी संपते. ज्या कंपनीने माणूस दिला तिचा प्रवासी तिथे पोहोचलेला असतो. टी-१ वर दुसऱ्या कंपनीकडे व्हीलचेअरची वेगळी मागणी नोंदवावी लागते आणि ती निघण्याच्या किमान दोन दिवस आधी नोंदवलेली बरी. दोन टर्मिनलांमधल्या टप्प्यासाठी मुंबईतला एखादा भाचा, पुतण्या किंवा मित्राचा मुलगा दाराशी उभा करता आला तर उत्तम. मुंबईत एकही नातेवाईक नाही असे मराठी घर विरळाच, आणि अशा मध्यरात्रीच त्या नात्यांची परीक्षा होते.

सहावी पायरी : टी-२ ते टी-१

पुढच्या विमानाचे तिकीट असलेल्या प्रवाशांसाठी दोन टर्मिनलांमध्ये बस चालते. उतरल्यावर चौकशी खिडकीवर तिची पुढची वेळ आणि थांब्याची जागा विचारावी. पुढची बस वीस-पंचवीस मिनिटांत असेल तर थांबावे, त्याहून जास्त वेळ असेल तर वाट पाहण्यात अर्थ नाही.

टॅक्सी आणि रिक्षाची अडचण वेगळी आहे. तासन्‌तास रांगेत उभ्या राहिलेल्या चालकाला ठाणे, वाशी, पनवेल असे लांबचे भाडे हवे असते आणि विलेपार्ल्याचे नाव काढले की तोंड वाकडे होते. एकदा माझ्यासमोर तिघांनी मानेनेच नकार दिला होता. चालकाशी घासाघीस करण्यापेक्षा प्रीपेड खिडकीवर पैसे भरून पावती घ्यावी. ठिकाण आधीच ठरलेले असल्याने नकाराचा प्रश्न बराच कमी होतो. अॅपवरून गाडी मागवताना ठिकाणाच्या खान्यात नुसते ‘मुंबई विमानतळ’ लिहू नये, कारण नकाशा आपल्याला उभे आहोत तिथेच परत आणून सोडू शकतो. ‘टर्मिनल १, निर्गमन’ हेच निवडावे.

ऑक्टोबर २०२४ पासून मेट्रो ३ ने एक चांगला पर्याय दिला आहे. विमानतळ टी-२ स्थानकावरून बसले की मधे सहार रोड हे एकच स्थानक आणि त्यापुढचे टी-१. रस्त्यावरच्या कोंडीचा तिच्यावर परिणाम होत नाही. पाठीवर एक बॅग असलेल्या एकट्या प्रवाशाने दिवसा दुसरा विचारच करू नये. पण स्थानकापर्यंतची चाल, लिफ्टची वाट आणि मेट्रोच्या दारातली सामान तपासणी ही आणखी तीन कामे वाढतात, विमानतळाची ट्रॉली सोबत नेता येत नाही, आणि मेट्रो रात्री उशिरा बंद होऊन पहाटे सुरू होते. म्हणजे परदेशी विमाने ज्या वेळी सर्वाधिक उतरतात, नेमक्या त्याच वेळी तिची दारे मिटलेली असतात.

टी-१ च्या दारात

इथून पुढे ओळखीचा रस्ता आहे. दारावर तिकीट आणि ओळखपत्र दाखवावे लागते. आधारशी जोडलेली डिजियात्रा नोंदणी असेल तर चेहरा दाखवून वेगळ्या दाराने आत जाता येते, मात्र त्या प्रवासाचा बोर्डिंग पास अॅपमध्ये आधी टाकलेला हवा. आत गेल्यावर सरळ बॅगांच्या रांगेत लागावे, नाश्ता त्यानंतर. मुदतीला अर्ध्या तासाहून कमी वेळ उरला असेल तर रांगेच्या शेवटी निमूट उभे न राहता कर्मचाऱ्याला विमानाचा क्रमांक मोठ्याने सांगावा. बंद होऊ घातलेल्या उड्डाणांच्या प्रवाशांना ते पुढे घेतात, पण आपण सांगितले तरच.

उलट दिशेने जाताना

नागपूरहून टी-१ वर उतरून रात्री टी-२ वरून परदेशी जाणाऱ्याचे काम तुलनेने सोपे आहे, कारण इमिग्रेशन शेवटी येते. दोन्ही प्रवास एका तिकिटावर असतील तर नागपुरातच बॅगेचा टॅग वाचावा. त्यावर शेवटच्या विमानतळाचे चिन्ह असेल तर बॅग थेट जाईल, बीओएम असेल तर मुंबईत घ्यावी लागेल. बॅग थेट जाणार असेल तर लोणच्याची बरणी आणि तुपाचा डबा नागपुरातच त्या बॅगेत गेलेला हवा. हातातल्या पिशवीत राहिला तर आंतरराष्ट्रीय सुरक्षा तपासणीत १०० मिलीलिटरच्या नियमाखाली बाजूला काढला जाईल, आणि तिथल्या टेबलावर सोडून दिलेल्या घरगुती बरण्यांकडे पाहवत नाही. टी-२ वर निर्गमन सर्वांत वरच्या, चौथ्या मजल्यावर आहे. परदेशी उड्डाणाच्या तीन तास आधी तिथे पोहोचायचे, या हिशेबाने नागपूरचे विमान निवडावे, आणि त्या दिवशीचे शेवटचे विमान तर कधीच निवडू नये, कारण ते रद्द झाले तर मागे काहीच उरत नाही.

इतर विमानतळांविषयी थोडेसे

दिल्लीत टर्मिनल २ आणि ३ शेजारी आहेत, पण टर्मिनल १ वेगळे आहे आणि टर्मिनल ३ पासून रस्त्याने सहा-सात किलोमीटरवर आहे. तिथे दोन्ही ठिकाणी मेट्रो असली तरी त्या वेगवेगळ्या मार्गिकांवर आहेत, म्हणून मुंबईसारखी थेट सोय नाही. परदेशातून दिल्लीमार्गे पुण्याला येणाऱ्यांनी वरचाच हिशेब तिथे लावावा.

दुबईत टर्मिनल १ आणि ३ एका बाजूला, तर टर्मिनल २ धावपट्ट्यांच्या पलीकडे आहे. एका तिकिटावर असाल तर आतल्या आत बसने नेतात. लंडनच्या हीथ्रोवर २, ३, ४ आणि ५ अशी टर्मिनले आहेत आणि जोडणीच्या प्रवाशांनी जांभळ्या पाट्या धरून चालायचे असते. पिवळ्या पाट्यांमागे गेलात तर बाहेरच्या रांगेत पोहोचाल. तिथे दोन वेगळी तिकिटे घेऊन स्वतः बॅगा बदलायच्या म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत प्रवेश करावा लागतो आणि त्यासाठी भारतीय पासपोर्टधारकाला योग्य व्हिसा हवा. स्वस्त तिकीट घेऊन मुंबईच्या काउंटरवरूनच परत फिरण्याची वेळ बहुधा याच कारणाने येते.

अमेरिकेत सहसा पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन आणि कस्टम्स उरकून बॅगा पुन्हा द्याव्या लागतात, पुढे टॅग कुठलाही असो. न्यू यॉर्कच्या जेएफकेवर टर्मिनलांना जोडणारी एअरट्रेन मोफत आहे, पण ती सुरक्षा कक्षाबाहेरून धावते, म्हणजे पुढच्या टर्मिनलवर तपासणी नव्याने. अबू धाबीमार्गे जाणाऱ्या अमेरिकेच्या उड्डाणांत अमेरिकी इमिग्रेशन अबू धाबीतच उरकते. त्या मार्गाने आईवडिलांना पाठवले तर अमेरिकेत उतरल्यावर ती रांग लागत नाही, मात्र अबू धाबीचा थांबा त्या हिशेबाने मोठा निवडावा.

विमान चुकलेच तर

एकाच तिकिटावर असाल तर पहिल्या कंपनीच्या काउंटरवर जावे, पुढचे आसन मागावे आणि मुक्काम पडणार असेल तर जेवण-निवासाविषयी विचारावे. दोन तिकिटे असतील आणि चुकणार हे इमिग्रेशनच्या रांगेतच कळून चुकले असेल, तर रांगेत उभ्या उभ्याच फोनवरून दुसरे तिकीट बदलावे किंवा रद्द करावे. सुटण्याच्या काही तास आधीपर्यंत बदल शुल्कावर भागते, त्यानंतर बहुतेक रक्कम जाते. त्याच पीएनआरवर परतीचा प्रवासही असेल तर न गेल्यामुळे तोही रद्द होऊ शकतो, म्हणून कंपनीला कळवणे अधिकच निकडीचे आहे.

विमान चुकूनच गेले, तरी सगळे पैसे बुडाले असे समजू नये. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार न वापरलेल्या तिकिटावरचे वैधानिक कर आणि विमानतळाची वापरकर्ता शुल्के प्रवाशाला परत द्यावी लागतात, मूळ भाडे परत न मिळणारे असले तरीही. ही रक्कम मागितल्याशिवाय पदरात पडतेच असे नाही, म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावर अर्ज करावा. प्रवास विमा असेल तर पहिल्या कंपनीकडून विमान किती उशिरा आले याचे लेखी पत्र त्याच दिवशी घ्यावे. घरी पोहोचल्यावर ते मिळवायला ई-मेलमागून ई-मेल पाठवत बसावे लागते. बोर्डिंग पासचे अर्धे तुकडे आणि बॅगांचे टॅग दावा निकाली निघेपर्यंत फेकू नयेत.